टेक्सासमध्ये ऑनलाइन नोटरी होताना: आधी काय, मग काय

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनकडच्या मराठी मंडळींकडून ऑनलाइन नोटरीबद्दल जे प्रश्न येतात, त्यातले बरेचसे एकाच जागी अडकलेले असतात. प्लॅटफॉर्मची, म्हणजे ज्या वेबसाइटवर हे काम चालतं तिची, वर्गणी भरून झालेली असते, डिजिटल सर्टिफिकेट विकत घेतलेलं असतं, आणि मग लक्षात येतं की साधं नोटरी कमिशनच, म्हणजे नोटरी म्हणून राज्याने केलेली नेमणूकच, अजून हातात नाही. किंवा कमिशन आहे, पण त्यावरचं नाव एक आणि सर्टिफिकेटवरचं दुसरं. प्रक्रिया अवघड मुळीच नाही. तिला ठरलेला क्रम आहे, आणि तो मोडला की पैसे पुन्हा भरावे लागतात, अर्ज परत येतो.

हा लेख फक्त टेक्सासपुरता आहे. नोटरीचा कायदा अमेरिकेत राज्याराज्याचा वेगळा असतो, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मैत्रिणीने सांगितलेली पद्धत इथे चालेलच असं नाही. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडाबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

ऑनलाइन नोटरीच्या कामात सही करणारी व्यक्ती समोर न बसता व्हिडिओवर येते. तिची ओळख सॉफ्टवेअरच्या मदतीने पटवली जाते, सही आणि सील इलेक्ट्रॉनिक असतात आणि सगळ्या प्रसंगाचं रेकॉर्डिंग होतं. कागदावर सही करून त्याचा फोटो पाठवणं आणि मग तुम्ही शिक्का मारणं हे ऑनलाइन नोटरायझेशन नव्हे, तो गुन्हा आहे.

१. आधी स्वतःची पात्रता तपासा

वय १८ पूर्ण हवं, टेक्सासमध्ये राहत असायला हवं, आणि गंभीर गुन्ह्यात किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात अंतिम शिक्षा झालेली नसावी.

अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. पूर्वी टेक्सासने तशी अट घातली होती. १९८४ मध्ये बर्नाल विरुद्ध फेंटर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तेव्हा ‘आपल्याला जमणार नाही’ असं ग्रीन कार्डवाल्यांनी समजू नये.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. नोटरी कमिशन मिळणं आणि नोटरी म्हणून फी घेणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. कमिशन राज्य देतं. काम करून पैसे कमावण्याची परवानगी मात्र इमिग्रेशनच्या कायद्यातून येते. एच-१बी वर असाल तर नोकरी फक्त ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याकडे. संध्याकाळी घरबसल्या फी घेऊन नोटरीचं काम करणं त्यात बसत नाही. एफ-१ विद्यार्थ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. एच-४ वर असून ईएडी (कामाचा परवाना) हातात असेल तर स्वतःचा व्यवसाय करता येतो. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही. जरा जरी शंका असली तरी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा. काही डॉलरच्या फीसाठी स्टेटस धोक्यात घालू नका.

२. नाव एकच ठरवा, आणि मगच पुढे जा

या पायरीला मी मुद्दाम जास्त जागा देतो आहे, कारण आपल्या लोकांचे अर्ज इथेच अडतात.

समजा पासपोर्टवर ‘वैशाली प्रकाश’ हे गिव्हन नेम आहे आणि ‘कुलकर्णी’ आडनाव. प्रकाश वडिलांचं नाव. लग्नानंतर क्रेडिट कार्डावर आणि बँकेत ‘वैशाली जोशी’ झालं. ड्रायव्हर लायसन्सवर ‘वैशाली पी. कुलकर्णी’. आता नोटरीच्या अर्जात जे नाव लिहाल तेच बाँडवर, कमिशनवर, सीलवर, डिजिटल सर्टिफिकेटवर आणि प्लॅटफॉर्मच्या खात्यावर यायला हवं. एका ठिकाणी ‘प्रकाश’ पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं ‘पी.’ असेल तर डिजिटल सर्टिफिकेट देणारी कंपनी थांबवते, कारण ती सर्टिफिकेट देण्यापूर्वी तुमची ओळख स्वतंत्रपणे तपासते.

मार्ग सोपा आहे. टेक्सासचं ड्रायव्हर लायसन्स समोर ठेवा आणि त्यावर जसं नाव आहे तसंच्या तसं, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे वापरा. लायसन्सवरचं नावच बदलायचं असेल तर आधी ते बदला, नवं लायसन्स हातात येऊ द्या, मग अर्ज भरा. ‘नोटरी होऊ दे, नंतर बदलू’ असं केलंत तर बाँड कंपनीकडून दुरुस्ती, राज्याकडे नावबदलाचा अर्ज, नवं सील आणि नवं सर्टिफिकेट असं सगळं पुन्हा करावं लागतं.

*तपासा:* एका कागदावर नाव ठळक लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक फॉर्म भरताना त्या कागदाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. मधलं नाव, पूर्णविराम, दोन नावांमधली जागा, सगळं.

३. साधं कमिशन घ्या

टेक्सासमध्ये थेट ऑनलाइन नोटरी होता येत नाही. आधी साधं, म्हणजे समोरासमोर काम करणाऱ्या नोटरीचं कमिशन लागतं. त्याचा क्रम असा:

१) सेक्रेटरी ऑफ स्टेटचं, म्हणजे नोटरी नेमणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याचं, प्रशिक्षण पूर्ण करा. १ जानेवारी २०२६ पासून नव्या अर्जदारांना आणि नूतनीकरण करणाऱ्यांना, दोघांनाही ते बंधनकारक आहे. जुने लेख आणि व्हिडिओ ‘टेक्सासमध्ये कोर्स लागत नाही’ असं सांगतात, त्यांच्यावर विसंबू नका.

२) १०,००० डॉलरचा शुअरिटी बाँड (हमीपत्र) घ्या. म्हणजे १०,००० डॉलर भरायचे नाहीत. चार वर्षांसाठी त्याचा छोटासा हप्ता एकदाच भरायचा असतो.

३) बाँडसह अर्ज करा. सरकारी फी २१ डॉलर. बाँड विकणाऱ्या बऱ्याच एजन्सी अर्जही पुढे पाठवतात. त्यांनी भरलेला अर्ज सही करण्यापूर्वी स्वतः वाचा, विशेषतः नाव आणि पत्ता.

४) कमिशन ईमेलने आलं की दुसऱ्या नोटरीसमोर शपथ घ्या. शपथ झाल्याशिवाय कमिशन हातात असूनही काम करता येत नाही. स्वतःची शपथ स्वतःच नोटराइज करता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

५) त्यानंतरच सील बनवा. टेक्सासच्या सीलवर पाच टोकांचा तारा, त्याभोवती ‘नोटरी पब्लिक, स्टेट ऑफ टेक्सास’ ही अक्षरं, तुमचं नाव, कमिशन संपण्याची तारीख आणि नोटरी क्रमांक असतो. क्रमांक कमिशनबरोबर मिळतो, म्हणून आधी सील बनवून ठेवण्यात अर्थ नाही.

*सावध:* बाँड तुमचं रक्षण करत नाही. तुमच्या चुकीने कुणाचं नुकसान झालं तर कंपनी त्या माणसाला पैसे देते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. तुमच्या रक्षणासाठी एरर्स अँड ओमिशन्सचा, म्हणजे कामातल्या चुकांसाठीचा, विमा वेगळा घ्यावा लागतो. टेक्सासमध्ये तो सक्तीचा नाही, तरी ऑनलाइन काम करणाराने तो घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. घराच्या कर्जाच्या एका कागदावर चूक झाली तरी रक्कम मोठी असते.

कमिशनची मुदत चार वर्षं. ऑनलाइन कमिशन त्याच्याच मुदतीला बांधलेलं असतं; दोन्ही एकाच दिवशी संपतात. त्यामुळे तुमच्याकडे आधीपासून साधं कमिशन असेल आणि त्याचे चारपाच महिनेच उरले असतील तर आधी त्याचं नूतनीकरण करा आणि मग ऑनलाइनसाठी अर्ज करा. नाहीतर ऑनलाइनची फी थोड्याच महिन्यांत पुन्हा भरावी लागेल.

४. डिजिटल सर्टिफिकेट आणि प्लॅटफॉर्म

ही दोन कामं ऑनलाइन अर्जाच्या आधी करायची असतात. इथे क्रम उलटा वाटतो म्हणून लोक गोंधळतात: मान्यता मिळण्याआधीच साधनं कशी घ्यायची? कारण अर्जात ती साधनंच दाखवायची असतात.

डिजिटल सर्टिफिकेट एक्स.५०९ या प्रमाणाचं लागतं. ते तुमच्या इलेक्ट्रॉनिक सहीला आणि सीलला कागदपत्राशी असं बांधतं की नंतर कुणी एक आकडा जरी बदलला तरी फाइल उघडताच ते दिसतं. काही प्लॅटफॉर्म सर्टिफिकेट स्वतःच मिळवून देतात, काही ठिकाणी ते वेगळं विकत घ्यावं लागतं. त्याची मुदत कमिशनपेक्षा कमी असू शकते, म्हणून ती तारीख कॅलेंडरमध्ये वेगळी टाका. सर्टिफिकेट बदललं की राज्याकडची नोंदही बदला.

इलेक्ट्रॉनिक सील म्हणजे तुमच्या शिक्क्याचा मोबाइलवर काढलेला फोटो नाही. स्वच्छ, वाचता येणारी प्रतिमा हवी, आणि तिच्यावर कागदी सीलवरच्या सगळ्या गोष्टी हव्यात.

प्लॅटफॉर्म निवडताना लक्षात ठेवा की टेक्सासचा सेक्रेटरी ऑफ स्टेट कोणत्याही कंपनीला मान्यता देत नाही. ‘टेक्सास-मान्य’ अशी पाटी कुणी लावली असेल तर ती कंपनीची स्वतःची जाहिरात आहे. नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी तुमची. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचारून घ्या. वर्गणी महिन्याची आहे की प्रत्येक सत्राची? ओळख-पडताळणीचा खर्च कोण देतं, आणि ती फसली तरी तो लागतो का? रेकॉर्डिंग कुठे राहतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं: मी वर्गणी बंद केली किंवा तुमची कंपनी बंद पडली तर माझी रेकॉर्डिंग मला कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळतील?

या शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर ती कंपनी सोडून द्या. रेकॉर्ड जपण्याची कायदेशीर जबाबदारी नोटरीची आहे.

५. ऑनलाइन कमिशनचा अर्ज

हा अर्ज सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या नोटरी पोर्टलवरूनच करायचा, फी ५० डॉलर. साध्या कमिशनची माहिती, ईमेल, इलेक्ट्रॉनिक सीलचा आणि सहीचा नमुना, डिजिटल सर्टिफिकेटचा तपशील लागतो. नियम पाळणारं तंत्रज्ञान वापरतो आहे असं प्रतिज्ञापूर्वक सांगावं लागतं.

*तपासा:* पोर्टलवरचं साध्या कमिशनचं नाव, सीलवरचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव, तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. सीलवरची मुदत संपण्याची तारीख कमिशनशी जुळते का पाहा. नूतनीकरणानंतर जुन्याच तारखेचं सील चढवणं ही नेहमीची चूक आहे.

मंजुरीचा ईमेल येईपर्यंत एकही ऑनलाइन काम करू नका, ‘फक्त मामेबहिणीचं एक प्रतिज्ञापत्र’ सुद्धा नाही.

६. सराव करा

घरातल्या माणसाला दुसऱ्या खोलीत बसवा आणि प्लॅटफॉर्मच्या चाचणी विभागात खोट्या कागदावर पूर्ण सत्र करून पाहा. त्यात पाहण्यासारखं हे: तुमच्या चेहऱ्यावर प्रकाश पुढून पडतो का, आवाज रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट येतो का, इंटरनेट मधेच तुटलं तर सत्र कुठून सुरू होतं. आणि तयार झालेली फाइल डाउनलोड करून पीडीएफ वाचकात उघडा. सही वैध असल्याची खूण दिसते का ते बघा.

७. प्रत्यक्ष सत्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सत्राच्या आधी. कागदाचा प्रकार विचारा. सही आपलीच आहे असं फक्त कबूल करायचं आहे, म्हणजे अ‍ॅकनॉलेजमेंट. की मजकूर खरा आहे अशी शपथ घेऊन तुमच्यासमोरच सही करायची आहे, म्हणजे ज्युरॅट? हे कागदावर लिहिलेलं नसेल तर सही करणाऱ्याने किंवा त्याच्या वकिलाने सांगायचं. तुम्ही निवडून दिलंत तर तो कायदेशीर सल्ला झाला. रिकाम्या जागा राहिलेला कागद घेऊ नका. ज्या बँकेला, टायटल कंपनीला किंवा कार्यालयाला कागद द्यायचा आहे, ते ऑनलाइन नोटरायझेशन स्वीकारतं का हे सही करणाऱ्याला आधी विचारून यायला सांगा.

तुम्ही कुठे आहात? सही करणारी व्यक्ती राज्याबाहेर असली तरी चालते, पण तुम्ही त्या क्षणी प्रत्यक्ष टेक्सासच्या हद्दीत असायला हवं. सुट्टीला पुण्याला गेलात आणि तिथून लॅपटॉप उघडून एक काम उरकलंत, तर ते काम बेकायदेशीर. ल्युइझियानात नातेवाइकांकडे वीकेंडला गेलात तरी तेच. महिनाभर भारतात जाणार असाल तर प्लॅटफॉर्मवरची उपलब्धता निघण्याआधी बंद करा.

ओळख. तुम्ही सही करणाऱ्याला स्वतः चांगलं ओळखत असाल तर टेक्सासचा कायदा ती ओळख मानतो, पण बरेच प्लॅटफॉर्म तरीही पडताळणी करायला लावतात. ओळख नसेल तर तीन गोष्टी एकत्र लागतात: फोटो आणि सही असलेलं सरकारी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर दाखवणं, सॉफ्टवेअरने त्या ओळखपत्राची सत्यता तपासणं, आणि प्रश्नोत्तरांची चाचणी.

ही चाचणी म्हणजे सही करणाऱ्याच्या क्रेडिट आणि सार्वजनिक नोंदींतून काढलेले किमान पाच प्रश्न, प्रत्येकाला किमान पाच पर्याय. दोन मिनिटांत सगळी उत्तरं द्यायची आणि ८० टक्के बरोबर यावी लागतात. २४ तासांत एकदा पुन्हा प्रयत्न करता येतो, पण त्यात किमान ४० टक्के प्रश्न बदललेले असतात. दुसऱ्यांदाही चुकलं तर तुमच्याकडे पुढचे २४ तास प्रयत्न करता येत नाही.

सही करणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा: २०१६ मध्ये कोणत्या रस्त्यावर राहत होता, गाडीचं कर्ज कोणाकडून घेतलं होतं, अशा प्रकारचं विचारलं जाईल. नाहीतर दोन मिनिटांचं घड्याळ सुरू झाल्यावर लोक बावचळतात. उत्तरं त्यांचीच हवीत. शेजारी बसलेल्या मुलाने ‘आई, तिसरा पर्याय’ असं म्हटलं तर सत्र तिथेच थांबवा.

*सावध:* भारतातून भेटीला आलेले आईवडील किंवा नुकतेच अमेरिकेत आलेले लोक या चाचणीत बसत नाहीत. त्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर आणि इथला क्रेडिट इतिहास नसतो, त्यामुळे प्रश्नच तयार होत नाहीत. त्यांना समोरासमोरच्या नोटरीकडे पाठवा. तिथेही एक अट आहे: टेक्सासमध्ये परदेशी पासपोर्ट ओळख म्हणून फक्त निवासी मालमत्तेच्या कागदांसाठी चालतो, इतर कागदांसाठी नोटरीची वैयक्तिक ओळख किंवा विश्वासार्ह साक्षीदार लागतो.

स्वेच्छा. कागदावर काय लिहिलं आहे हे माहीत आहे का, सही स्वतःच्या मर्जीने करता आहात का, हे रेकॉर्डिंग चालू असताना विचारा आणि उत्तर स्पष्ट येऊ द्या. म्हातारी व्यक्ती असेल आणि कॅमेऱ्याबाहेरून कुणी बोलत असेल तर त्या माणसाला खोलीबाहेर जायला सांगा, आणि मग पुन्हा विचारा. मराठी बोलणाऱ्याशी मराठीत बोलायला हरकत नाही. दोघांना एकमेकांचं कळलं पाहिजे. कागदाला तुम्ही जोडता त्या नोटरी-प्रमाणपत्राचा मजकूर मात्र इंग्रजीच ठेवा.

शपथ. ज्युरॅट असेल तर शपथ मोठ्याने द्या आणि ‘हो’ ऐकून घ्या. मान डोलावणं पुरेसं नाही. शपथ न देताच ‘शपथेवर सांगितलं’ असं प्रमाणपत्र लिहिणं ही ऑनलाइन कामात फार वेळा होणारी चूक आहे, आणि रेकॉर्डिंगमुळे ती वर्षांनंतरही सिद्ध होते.

प्रमाणपत्र. वर लिहायची काउंटी तुमची. सही करणारा शिकागोत आहे आणि तुम्ही शुगर लँडमध्ये बसला आहात, तर ‘स्टेट ऑफ टेक्सास, काउंटी ऑफ फोर्ट बेंड’. कागदावर दुसऱ्या राज्याचं नाव छापून आलं असेल तर ते दुरुस्त करा. आणि हे नोटरायझेशन ऑनलाइन झालं असं प्रमाणपत्रात लिहिलेलंच हवं; कायद्यात तशी स्पष्ट अट आहे. बाहेरून आलेल्या साच्यांमध्ये ते वाक्य नसतं.

सील आणि फाइल. सील लावून फाइल बंद झाली की ती मूळ प्रत. ती छापून, स्कॅन करून परत पाठवली तर डिजिटल सही निघून जाते आणि उरतं नुसतं चित्र. सही करणाऱ्यालाही हे सांगा: ‘मूळ पीडीएफ पुढे पाठवा, प्रिंट काढून स्कॅन करू नका.’

८. नोंदी आणि सुरक्षितता

प्रत्येक कामाची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवायची: तारीख आणि वेळ, कामाचा प्रकार, कागदाचं शीर्षक, सही करणाऱ्याचं नाव व पत्ता, ओळख कशी पटवली, फी किती घेतली, आणि सोबत दृक्‌श्राव्य रेकॉर्डिंग. ऑनलाइन नोंदींसाठी कायद्याने किमान पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. २०२५ च्या दुरुस्तीने नोटरीच्या नोंदवहीची मुदत दहा वर्षं केली. दोन वेगळे आकडे डोक्यात ठेवण्यापेक्षा सगळंच दहा वर्षं ठेवा. प्लॅटफॉर्मवर एक प्रत, आणि कूटबद्ध करून स्वतःकडे एक.

त्याच दुरुस्तीने आणखी एक बदल केला: सही करणारा समोर किंवा व्हिडिओवर हजर नाही हे माहीत असून नोटराइज केलं, तर तो आता फौजदारी गुन्हा आहे, आणि कागद मालमत्तेच्या हस्तांतराचा असेल तर शिक्षा अधिक कडक.

सील आणि सर्टिफिकेटचा पासवर्ड फक्त तुमचा. नवऱ्याला, बायकोला, ऑफिसमधल्या साहेबाला, कुणालाही नाही. चोरी किंवा गैरवापर झाल्याचं कळलं तर ताबडतोब पोलीस आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट, दोघांनाही कळवायचं. पत्ता बदलला तर दहा दिवसांत राज्याला कळवा. टेक्सास सोडून दुसऱ्या राज्यात राहायला गेलात की पद रिकामं झालं असं समजा.

९. फी आणि जाहिरात

ऑनलाइन कामासाठी जास्तीत जास्त २५ डॉलर घेता येतात, आणि त्याशिवाय नेहमीची नोटरी फी: अ‍ॅकनॉलेजमेंटच्या पहिल्या सहीला १० डॉलर, पुढच्या प्रत्येक सहीला १ डॉलर. म्हणजे एका सहीच्या कागदाला वरची मर्यादा ३५ डॉलर. मिळकत आयकरात दाखवायची असते. नोटरी फीवर स्वयंरोजगार कर मात्र लागत नाही, हे तुमचं आयकर रिटर्न भरून देणाऱ्याला आठवणीने सांगा.

आता जाहिरात. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘घरबसल्या नोटरी करून मिळेल’ असा मराठी संदेश टाकण्याआधी हे वाचा. टेक्सासमध्ये इंग्रजी सोडून दुसऱ्या कोणत्याही भाषेत नोटरीने जाहिरात केली, तर आपण वकील नाही आणि कायदेशीर सल्ला देऊ किंवा त्यासाठी पैसे घेऊ शकत नाही, ही सूचना इंग्रजीत आणि त्या जाहिरातीच्या भाषेत, दोन्हीत द्यावी लागते. हा नियम प्रामुख्याने स्पॅनिश भाषिकांची फसवणूक थांबवण्यासाठी आला, पण मराठीलाही तितकाच लागू आहे.

आणि आपल्या बाबतीत तो योग्यही आहे. भारतात नोटरी हा अनुभवी वकीलच असतो. त्यामुळे भारतातून आलेली माणसं साहजिकच तुम्हाला विचारतात, ‘हे बक्षीसपत्र असं लिहू का?’ उत्तर एकच: ‘ते वकिलाला विचारा.’ जवळच्या माणसाला असं सांगणं जड जातं, तरी सांगा.

१०. भारतातल्या फ्लॅटचं मुखत्यारपत्र: थांबा

मराठी नोटरीकडे सगळ्यात जास्त मागणी याच कागदाची येते आणि ऑनलाइन पद्धत सगळ्यात कमी उपयोगाची याच कागदाला आहे.

भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मुखत्यारपत्र हे इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांच्या मान्यतेतून वगळलेलं आहे. २०२२ मध्ये त्याला अपवाद केला तो रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्यांच्या नियंत्रणाखालच्या संस्थांना दिलेल्या मुखत्यारपत्रांपुरता. भावाला ठाण्याचा फ्लॅट विकण्यासाठी दिलेलं मुखत्यारपत्र त्या अपवादात येत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ३३ परदेशात नोटरीसमोर किंवा भारतीय वाणिज्य अधिकाऱ्यासमोर केलेलं मुखत्यारपत्र मानतं, पण दुय्यम निबंधकाच्या टेबलावर शाईची सही असलेला मूळ कागदच ठेवावा लागतो.

म्हणून अशी विनंती आली की ऑनलाइन सत्राची वेळ देऊ नका. त्या व्यक्तीला सांगा: भारतातल्या वकिलाकडून मसुदा घ्या, कागदावर शाईने सही करा, मग एकतर समोरासमोरच्या नोटरीकडून नोटराइज करून टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल (परदेशात वापरायच्या कागदावरचं सरकारी प्रमाणन) घ्या, नाहीतर ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या पद्धतीने साक्षांकन करा. दोन्हींपैकी कोणतं चालेल हे भारतातल्या वकिलाने आधी सांगितलेलं बरं. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. ही मुदत चुकवणारे बरेच भेटतात. तुमच्याकडे साधं कमिशन आहेच, तेव्हा हेच काम तुम्ही समोर बसवून कायदेशीर करू शकता.

अमेरिकेतल्या व्यवहारांचे कागद, गाडीच्या मालकीचे कागद, इथल्या घराच्या कर्जाचे दस्त, कंपनीची प्रतिज्ञापत्रं यांना ऑनलाइन पद्धत उत्तम. मृत्युपत्राला मात्र हात लावू नका. ते वकिलाच्या देखरेखीखाली, कागदावर होऊ द्या.

टेक्सासबाहेर असाल तर

कॅलिफोर्नियात ऑनलाइन नोटरीचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण राज्याची तांत्रिक व्यवस्था तयार झाल्याचं जाहीर होईपर्यंत, किंवा १ जानेवारी २०३० पर्यंत, तिथल्या नोटरींना हे काम करता येत नाही. बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) कुणाला आज कुणी प्रशिक्षण आणि प्लॅटफॉर्म विकत असेल तर पैसे देण्याआधी कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं संकेतस्थळ पाहा. फ्लोरिडात उलट सगळं सुरू आहे, पण अटी जास्त: साध्या कमिशनखेरीज दोन तासांचा वेगळा कोर्स, २५,००० डॉलरचा बाँड, किमान तेवढ्याच रकमेचा एरर्स अँड ओमिशन्स विमा, आणि रेकॉर्डिंग दहा वर्षं जपणं. प्लॅटफॉर्म कोणता वापरणार हेही तिथे नोंदणीतच सांगावं लागतं.